गिटार घेऊन घरी बसता कसे? अनुभव सांगा

वयाच्या ४२व्या वर्षी गिटार हातात घेतली. घेण्याआधी लाकूड कुठलं, तारा कुठल्या, फ्रेटबोर्ड (बोटं दाबायची पट्टी) किती रुंद, सगळी चौकशी केली. ती घेऊन बसायचं कशावर, हे कुणाला विचारावंसं वाटलंच नाही. घरात सोफा होता, त्यावर बसलो. तिसऱ्या महिन्यात डावं मनगट ठणकायला लागलं आणि उजवा खांदा कानाकडे चढून तिथेच राहायला लागला. बोटं दुखणार हे सगळ्यांनी सांगितलं होतं, खांद्याबद्दल कुणी बोललं नव्हतं.

एका जुन्या वादकाने साधी परीक्षा सांगितली: वाजवण्याच्या पवित्र्यात बस आणि डावा हात नेकवरून, म्हणजे गिटारच्या लांब दांड्यावरून, काढून घे. मी काढला, तर नेक सरळ गुडघ्याकडे झुकली. इतके दिवस डावा हात आधी गिटार सावरत होता आणि उरलेल्या ताकदीत कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) धरत होता. एफची बारे कॉर्ड (एकाच बोटाने सगळ्या तारा आडव्या दाबायची) वाजत नव्हती, त्याचं निम्मं कारण हेच असणार.

सोफ्यात बूड रुततं, गुडघे कमरेच्या वर जातात, पाठीला आपोआप बाक येतो. मांडीचा उतार पोटाकडे झाला की गिटारही पोटाकडे घसरते आणि तिचं तोंड छताकडे वळतं. तसं वळलं की फ्रेट (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) छान दिसतात, म्हणून नवशिक्याला ते बरंच वाटतं. पण तारांपर्यंत पोचायला मनगट पार दुमडावं लागतं, आणि दुमडलेल्या मनगटाने जोर लावला की ते दुखणारच.

आता हात नसलेल्या साध्या लाकडी खुर्चीवर बसतो. पाठ टेकत नाही, बैठकीच्या पुढच्या अर्ध्या भागात बसतो. तळवे पूर्ण जमिनीवर, कंबर गुडघ्यांपेक्षा बोटभर वर. मनगट ३ आठवड्यांत शांत झालं. खांदा मात्र अजून पुरता सुटलेला नाही, म्हणून तुम्हाला विचारतोय. कशावर बसता, पाय कुठे ठेवता, उजवा हात कसा टेकवता, काय फसलं, सगळं लिहा. काही विकत न आणता जमलेले उपाय असतील तर ते आधी.

*

मी ९ वर्षं क्लासिकल गिटार (नायलॉनच्या तारांची) वाजवतेय. आमच्याकडे पहिल्या दिवसापासून डावा पाय फूटस्टूलवर. स्पॅनिश वादक फ्रान्सिस्को तार्रेगाच्या काळापासून (१८५२–१९०९) रुळलेली ही बैठक, आणि गिटारच्या दृष्टीने ती उत्तमच आहे. नेक वर येते, मनगट सरळ राहतं, गिटार दोन्ही मांड्या, छाती आणि उजवा हात अशा चार ठिकाणी टेकून घट्ट बसते. तुमच्या त्या परीक्षेत ती सहज पास होईल.

किंमत कंबर मोजते. एक पाय सतत वर असला की कमरेचं हाड एका बाजूने तिरकं होतं आणि पाठीचा खालचा भाग तासभर वाकडाच राहतो. वाजवायला लागल्यावर सहाव्या वर्षी मला डाव्या कुशीपासून मांडीपर्यंत ओढ लागायला लागली. आधी स्टूल १६ सेंमीवरून ११ वर आणलं. थोडा फरक पडला. मग दोन्ही पाय जमिनीवर ठेवून, मांडी आणि गिटार यांच्यामध्ये बसवायचा आधार आणला. त्याला सक्शन कप असतात, ते गिटारच्या कडेच्या पट्टीला चिकटतात. कंबर खरोखर सुटली.

पण एक चूक झाली ती सांगते, म्हणजे तुमची होणार नाही. एका रात्री आधार गिटारवर तसाच राहिला. सकाळी काढला तर पॉलिशवर दोन गोल वळ उठलेले. माझ्या गिटारला फ्रेंच पॉलिश आहे, म्हणजे लाखेचा अगदी पातळ थर. ते वळ आजही तिरप्या उजेडात दिसतात आणि दर वेळी पोटात कालवतं. आता मांडीवर ठेवायची चामड्याची वक्र उशी वापरते. ती थोडी घसरते, म्हणून खाली फडकं घालते.

जाता जाता: हा प्रश्न आपल्याच काळातला नाही. दिओनिसिओ आग्वादो या स्पॅनिश वादकाने एकोणिसाव्या शतकात गिटारसाठी तीन पायांचं स्टँडच तयार केलं होतं, म्हणजे वादकाच्या अंगावर तिचा भार पडूच नये. ते वाचलं तेव्हा मला फार धीर आला.

*

माझी उंची १५२ सेंमी आणि गिटार ड्रेडनॉट, म्हणजे मोठ्या अंगाची अकूस्टिक. खालचा घेर जवळजवळ ४० सेंमी, जाडी १२ च्या आसपास. उजवा हात त्या कडेवरून पलीकडे टाकायचा म्हणजे खांदा वर आणि बाहेर, दोन्हीकडे जातो. मला वाटायचं सवयीने जमेल. सवय झाली नाही, करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या यायला लागल्या.

फिजिओथेरपिस्टने गिटार घेऊनच बोलावलं. (हे फार बरं झालं. नुसतं तोंडाने सांगून काही कळलं नसतं.) मी वाजवत असताना तिने कोपराखाली बोट घातलं आणि दाखवलं की कड नेमकी कोपराच्या आतल्या बाजूला, जिथे नस उथळ असते तिथे दाबली जातेय. त्याच नसेचा संबंध त्या दोन बोटांशी. तिने सांगितलेली युक्ती अशी: आधी हात बाजूला मोकळा सोडायचा, खांदा पडू द्यायचा. मग कोपरातून वाकवून हात जिथे सहज येतो, तिथे गिटार आणायची. गिटार जिथे आहे तिथे हात न्यायचा नाही.

तसं केलं तेव्हा कळलं की गिटारचा मागचा भाग आणखी उजवीकडे न्यायला हवा आणि नेक ३०–४० अंश वर. आता कड कोपराच्या चार बोटं पुढे, मांसल भागावर येते. मुंग्या दीड महिन्याने थांबल्या. पुढची गिटार घेईन ती लहान अंगाची, हे ठरलेलं आहे. बहिणीची क्लासिकल मांडीवर घेतली की १० सेंमी जाडी आणि माझी १२, यात किती अंतर आहे ते खांद्याला लगेच समजतं.

*

कड काचत असेल तर जुना सुती मोजा घ्या, पुढचा भाग कापा आणि बाहीसारखा हातावर चढवा. क्लासिकलवाले पूर्वीपासून करतात. घाम लाकडाला लागत नाही, हात तारांकडे घसरत सरकतो, वळही कमी उठतो. उन्हाळ्यात तर याशिवाय बसूच नये.

*

मी लाकडी आर्मरेस्ट बसवला. वक्र पट्टी असते, गिटारच्या कडेला धरते आणि हात दर्शनी फळीपासून जरासा वर राहतो. काच गेला, पण मला जास्त आनंद आवाजाचा झाला. हाताचा भार फळीवर पडला की तिचं कंपन तेवढं दबतं. माझ्या गिटारचे खालचे स्वर आधीपेक्षा मोकळे वाटतात. सगळ्यांना तेवढा फरक जाणवेलच असं नाही, माझा हात जड आहे.

चिकटणारा घेत असाल तर आधी पॉलिश कुठलं ते बघा. नायट्रोसेल्युलोज लॅकरला काही रबर आणि प्लास्टिक लागून राहिली तर ते मऊ पडतं, डाग कायमचा. कडेला चापासारखा बसणारा त्यातल्या त्यात बरा, पण त्याच्या टोकांनाही रबर आहे का ते तपासा. काही कारागीर हा प्रश्न मुळातच सोडवतात: हात टेकतो तिथली कडच तासून उतरती करतात. कॅनडातले ग्रिट लास्किन त्यासाठी ओळखले जातात. अशी एक गिटार ५ मिनिटं हातात आली होती. हात कुठे टेकलाय हे जाणवतच नव्हतं.

*

इलेक्ट्रिकवाल्यांचं दुखणं वेगळं. मी कॉम्प्युटरच्या खुर्चीवर बसायचो. तिचे हात गिटारला आडवे येत, म्हणून कडेवर तिरका बसायचो, आणि खुर्चीला चाकं. तबल्यावाल्याला जशी बैठक लागते तशी आपल्यालाही लागते, हे कळायला मला ४ वर्षं लागली. ड्रमवाल्यांचं गोल स्टूल आणलं, उंची कमीजास्त होतं, प्रश्न मिटला.

दुसरं म्हणजे पट्टा. बसून वाजवतानाही पट्टा गळ्यात ठेवा आणि असा आवळा की उभं राहिल्यावर गिटार त्याच उंचीवर राहील. मांडीवरचा भार कमी होतो, नेक झुकत नाही, आणि बसून घटवलेलं उभं राहून वाजवताना बिघडत नाही. पट्टा रुंद हवा. माझी गिटार ४ किलोच्या वर आहे, अरुंद पट्टा अर्ध्या तासात खांद्यात रुततो.

१९५४ साली फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकॅस्टर ही इलेक्ट्रिक गिटार आली तेव्हा तिला हाताखाली आणि पोटापाशी उतार दिलेला होता. माझी पहिली गिटार त्याच कंपनीची सपाट पाटीसारखी टेलिकॅस्टर होती, बरगडीवर आणि हातावर तिची कड रोज लागायची. दुसरी घेतली तेव्हा तो उतार म्हणजे शोभा नाही हे अंगाने कळलं.

*

फ्रेट बघायला वाकणाऱ्यांसाठी: नेकच्या वरच्या कडेला, तुमच्या डोळ्यांसमोर, ३, ५, ७, ९, १२ या फ्रेटांपाशी बारीक ठिपके असतात. ते बघायची सवय लावा, गिटार उताणी करावी लागत नाही. आणि मोबाइल पलंगावर ठेवून त्यात कॉर्ड बघू नका. डोळ्यांच्या पातळीला आणा. माझी मान त्यानेच धरली होती.

*

माझी मुलगी ९ वर्षांची, गिटार पाऊण मापाची. १५ मिनिटांत कंटाळते अशी माझी तक्रार होती. नीट पाहिलं तर खुर्चीवर पाय लोंबकळत होते, आणि ती पाय आखडून गिटार धरून ठेवत होती. पायाखाली पुस्तकांचा पक्का बांधलेला गठ्ठा ठेवला, साधारण १८ सेंमी. त्या दिवशी तिने गाणं पूर्ण वाजवलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

*

धागा काढणारा मी पुन्हा. मोकळा हात सोडून मग गिटार जवळ आणण्याची युक्ती काल रात्री आरशासमोर करून पाहिली. माझी गिटार ४–५ सेंमी जास्तच डावीकडे होती. उजवीकडे घेतली, नेक वर केली, डावा हात काढला. गिटार जागची हलली नाही. २० मिनिटं वाजवलं, उठलो, आणि खांदा खालीच होता. क्लासिकलवाल्या ताईंना विचारायचंय: चामड्याच्या उशीखाली फडकं कुठलं घालता? माझी उशी पॅन्टवरून सरकतेय.