मोठ्या शिल्पांच्या जोडात स्लॉट (लांबट भोकं) द्यावेत की नकोत?

प्राची_माटुंगा: गेल्या महिन्यात माझं साडेसात मीटरचं स्टीलचं शिल्प उभं करताना दुसऱ्या आणि तिसऱ्या तुकड्याची भोकं जुळेचनात, फरक फक्त ४ मिमी. ट्रेलर रात्रीच आणलेला, क्रेनचं भाडं तासावर, शेवटी फिटरने गॅस कटरने भोकं वाढवली, कडा जळल्या, रंग करपला, बघवत नव्हतं. वेल्डिंगने प्लेट ओढली जाणार हे सगळ्यांना माहीत असतं, मग ड्रॉइंगमध्येच जागा ठेवा ना! एका फ्लेंजला (तुकड्याच्या टोकाच्या जोड-प्लेटला) गोल भोक, समोरच्याला लांबट, बेसप्लेटखाली उंची जुळवायला लेव्हलिंग नट. १८८६ च्या लिबर्टीच्या पुतळ्यातसुद्धा आयफेलने तांब्याचा पत्रा सांगाड्याला जखडला नाही, मध्ये लवचिक पट्ट्या दिल्या.

रे_रोड_फॅब्रिकेटर: ताई, नुकसान झालं ते वाईटच, पण चूक आधी शेडमध्ये जोडून बघायची ट्रायल न घेतल्याची आहे. दोन्ही फ्लेंज टॅक (वेल्डचे छोटे टाके) मारून एकदम ड्रिल करायच्या, नंबर पाडायचे, मग सोडवायच्या. आणि लिबर्टीच्या त्याच लोखंडी पट्ट्या गंजून फुगल्या, १९८० च्या दशकात स्टेनलेसच्या टाकाव्या लागल्या. आपल्याकडे चार महिने पाऊस आणि बाराही महिने खारा वारा, स्लॉट म्हणजे पाण्याला आयतं घर.

प्राची_माटुंगा: दादा, ट्रायल घेतली होती, पण आडवं ठेवून, कारण शेडची उंचीच तेवढी नाही. उभं केल्यावर वजनाने वाकलं त्याचं काय?

बोल्ट_आणि_बीम: मी स्ट्रक्चरलवाला, माझं मत ताईंच्या बाजूने पण अटीवर. आयएस ८०० या स्टील बांधकामाच्या भारतीय मानकाप्रमाणे २० मिमीच्या बोल्टला साधं भोक २२, ओव्हरसाइज २४, लांब स्लॉट ५० मिमीपर्यंत. पण मग साधे बोल्ट चालत नाहीत, एचएसएफजी (घट्ट पिळून प्लेटा एकमेकींवर दाबणारे जास्त ताकदीचे बोल्ट) पिळून घर्षणावर भार घ्यायचा, आणि तिथेही ओव्हरसाइजला ताकद ०.८५ पट धरायची, लांब स्लॉट भाराच्याच दिशेने असेल तर ०.७ पट. म्हणून स्लॉट भाराला आडवा ठेवा, वर तो पूर्ण झाकणारी जाड प्लेट वॉशर. ४ मिमीसाठी ५० चा स्लॉट कुणी मागू नये.

रे_रोड_फॅब्रिकेटर: कागदावर पटतं हो साहेब. पण रात्री दोन वाजता क्रेनवाला घाई करत असताना प्रत्येक बोल्ट नीट पिळला का, हे कोण तपासणार? मी हे काम बावीस वर्षं करतोय, सैल राहिलेले बोल्ट या हातांनी काढलेत, दांडा एका बाजूने झिजून चपटा झालेला. बेसच्या लेव्हलिंग नटला माझी ना नाही, लेव्हल काढून खाली ग्राउट (सिमेंटचा पातळ मसाला) भरला की विषय संपतो. पण वर, जिथे नंतर कुणी स्पॅनर घेऊन चढणार नाही, तिथे मी गोलच भोक पाडणार आणि फट राहिली तर शिम (पातळ पत्र्याची पट्टी) घालणार.