घर घेणाऱ्याने स्वतःचा एजंट नेमावा का?

प्रश्न : उंबरठा

आम्ही दोघे आयुष्यातले पहिले घर घेण्याच्या तयारीत आहोत. गेल्या तीन महिन्यांत पाहिलेले प्रत्येक घर विक्रेत्याने नेमलेल्या एजंटनेच दाखवले आणि तरीही तो इतक्या आपुलकीने बोलत असे की परतताना तो आपलाच माणूस आहे असे वाटू लागे. मागच्या आठवड्यात अशाच एका गृहस्थांना बोलण्याच्या ओघात मी आमची कमाल मर्यादा सांगून टाकली आणि दुसऱ्या दिवशी मालकाकडून आलेली 'शेवटची किंमत' नेमकी त्या मर्यादेइतकीच होती. ते घर आम्ही सोडले, पण मनाला लागलेली गोष्ट सुटत नाही.

आता स्वतःचा वेगळा एजंट नेमावा असे पत्नीचे म्हणणे आहे. माझी शंका अशी की त्याचेही कमिशन जर घराच्या किमतीवरच ठरणार असेल, तर ती किंमत कमी करून घेण्यासाठी तो जीव का तोडेल? अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १ : कागद आधी

आपल्या हातून झाले ते अनेकांच्या हातून होते, म्हणून स्वतःला फार दोष देऊ नका. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे व्यापारातील गैरप्रकारांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, १९८३ साली घरांच्या दलालीच्या व्यवसायावर जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यात हीच बाब ठळकपणे पुढे आली होती : आपल्याला घरे दाखवणारा एजंट आपलेच हित पाहतो, असे बहुसंख्य खरेदीदार धरून चालत होते, आणि प्रत्यक्षात त्या काळच्या पद्धतीप्रमाणे तो विक्रेत्याचा उपएजंट असे, म्हणजे खरेदीदाराने विश्वासाने सांगितलेली गोष्ट विक्रेत्याला कळवणे हे त्याचे कर्तव्यच ठरत होते. केवळ खरेदीदाराची बाजू पाहणारा एजंट ही कल्पना तिथे खऱ्या अर्थाने रुजली ती १९९०च्या दशकात.

स्वतःचा एजंट नेमण्याचा पहिला आणि माझ्या मते सर्वांत मोठा लाभ घासाघिशीत नसून या निष्ठेत आहे. आपली मर्यादा किती, आपल्याला किती घाई आहे, सध्याच्या जागेची मुदत कधी संपते, या गोष्टी ज्याच्याजवळ निर्धास्तपणे बोलता येतील असा माणूस आपल्याला मिळतो. मात्र ती निष्ठा लेखी करारात असली पाहिजे. 'मी तुमच्याच बाजूने आहे' या तोंडी वाक्याला व्यवहार फिसकटल्यावर फारसा अर्थ उरत नाही. एकच एजंट दोन्ही बाजूंचे काम पाहणार असेल तर अधिकच सावध राहावे, कारण एकाला जास्तीत जास्त आणि दुसऱ्याला कमीत कमी किंमत मिळवून देण्याचे वचन एकच माणूस पाळू शकत नाही.

प्रतिसाद २ : हिशेबी

प्रश्नकर्त्यांची शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर आकड्यांत मिळते. समजा घराची मागितलेली किंमत १०० आहे आणि एजंटचे कमिशन २ टक्के. त्याने आणखी तीन आठवडे चिकाटीने बोलणी करून किंमत ९५ वर आणली, तर आपले ५ वाचतात आणि त्याचे कमिशन २ वरून १.९ वर येते. ते ०.१ चे नुकसान किरकोळ आहे, पण ते तीन आठवडे किरकोळ नाहीत, कारण तेवढ्यात तो दुसरा व्यवहार पूर्ण करू शकतो. त्यामुळे त्याचा कल किंमत वाढवण्याकडे असतो असे म्हणण्यापेक्षा व्यवहार लवकर उरकण्याकडे असतो असे म्हणणे अधिक अचूक होईल, आणि खरेदीदाराला दोन्ही सारखेच महागात पडते.

याला विक्रेत्याच्या बाजूने पुरावाही आहे. स्टीव्हन लेव्हिट आणि चॅड सायव्हरसन या अर्थतज्ज्ञांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शिकागो परिसरातील सुमारे एक लाख विक्रीव्यवहार तपासले. एजंट स्वतःचे घर विकतात तेव्हा ते सुमारे साडेनऊ दिवस अधिक थांबतात आणि सुमारे ३.७ टक्के जास्त किंमत मिळवतात, असे त्यांना आढळले. ग्राहकाचे घर असेल तर तेवढे थांबण्याची निकड त्यांना वाटत नाही. खरेदीदाराचा एजंट याच मनुष्यस्वभावाला अपवाद असेल असे मानण्याचे कारण मला दिसत नाही.

'खरेदीदाराला काहीच द्यावे लागत नाही, कमिशन विक्रेता देतो' हे वाक्यही आपल्या कानावर येईल. व्यवहारात सारा पैसा खरेदीदाराच्याच खिशातून येतो आणि विक्रेता आपली किंमत ठरवताना तो खर्च धरूनच ठरवतो. तेव्हा ती सेवा फुकट समजू नये.

प्रतिसाद ३ : सावली

हिशेबी यांचे गणित मान्य आहे, तरीही एक अनुभव सांगते. आम्ही एका घराच्या प्रेमात पडलो होतो आणि इसार देण्याच्या बेतात होतो, तेव्हा आमच्या एजंटने एका खोलीतल्या ताज्या रंगाकडे बोट दाखवून विचारले की सगळे घर जुन्या रंगाचे असताना एवढीच भिंत नवी का? तिने हट्टाने तपासनीस बोलावला आणि भिंतीच्या आत मुरलेली ओल सापडली. तो व्यवहार झाला असता तर तिला कमिशन मिळाले असते. 'हे घर घेऊ नका' असे सांगणारा एजंट भेटला तर त्याचा मोबदला सार्थकी लागतो, पण तसा माणूस शोधण्यासाठी आम्हाला चार जणांना भेटावे लागले होते.

प्रतिसाद ४ : कागद आधी

हिशेबी यांच्या मुद्द्यावर उपाय आहे, तो म्हणजे मोबदल्याची पद्धत बदलणे. टक्केवारीऐवजी ठरावीक रक्कम, किंवा कामाच्या तासांप्रमाणे शुल्क, असे ठरवता येते आणि बरेच एजंट विचारल्यावर तयार होतात. अमेरिकेत न्यायालयीन तडजोडीनंतर १७ ऑगस्ट २०२४ पासून एजंटांच्या राष्ट्रीय संघटनेने नियम बदलले. तेव्हापासून एजंटांच्या विकाऊ घरांच्या सामायिक यादीत घर नोंदवताना खरेदीदाराच्या एजंटला किती मोबदला मिळेल हे जाहीर करता येत नाही, आणि ती यादी वापरणाऱ्या एजंटला घर दाखवण्यापूर्वी खरेदीदाराशी लेखी करार करून मोबदल्याचा स्पष्ट आकडा नमूद करावा लागतो. असा नियम जिथे नाही तिथेही असा करार मागण्यापासून आपल्याला कोणी अडवलेले नाही.

करारात मुदत थोडी ठेवा, सुरुवातीला एक-दोन महिने पुरेत. मधेच करार संपवण्याची अट असू द्या. एजंटने इतर कोणाकडूनही घेतलेला मोबदला आपल्याला कळवलाच पाहिजे, हे वाक्य अवश्य घाला. आणि मालकी हक्क, थकबाकी, बोजा यांची तपासणी वकिलाकडूनच करून घ्या. उत्तम एजंटसुद्धा त्या कामाला पर्याय नाही.

प्रश्नकर्ता : उंबरठा

सर्वांचे मनापासून आभार. येत्या रविवारी आम्ही दोन एजंटांना भेटत आहोत. दोघांनाही ठरावीक रकमेच्या कराराविषयी विचारणार आहोत, आणि शिवाय एक प्रश्न पत्नीने सुचवला आहे : मागच्या वर्षभरात तुम्ही किती खरेदीदारांना एखादे घर घेऊ नका असे सांगितले, आणि का?