अनुभव धागा : तुमची लाइन कुठली?

‘लाइन’ हा शब्द मुळात शेतातला. लॅटिनमध्ये ‘लिनम’ म्हणजे जवस. जवसाच्या तंतूंचा दोरा तो ‘लिनिया’, आणि त्यातूनच पुढे इंग्रजी लाइन. लिननचं कापडही त्याच घराण्यातलं. इंग्रजी शब्दकोशात या शब्दाचे अर्थ पानंच्या पानं चालतात, पण ते इथे नकोत. तुमच्या घरात, कामावर, गल्लीत जी लाइन ऐकली ती सांगा. मोठं लिहा, दोन ओळी लिहा, काहीही चालेल.

सुरुवात माझ्यापासून. आमच्या घरात ‘लाइनला लागणे’ याचे दोन अर्थ होते आणि दोन्ही आईच्याच तोंडून यायचे. ‘थोरला लाइनला लागला’ म्हणजे नोकरी मिळाली, आता स्थळं बघायला हरकत नाही. ‘शेजारचा कुठल्या लाइनला लागलाय बघ’ म्हणजे पत्ते, गुटखा आणि बरंच काही. कुठला अर्थ घ्यायचा ते तिच्या भुवयांवरून कळायचं. दहावीनंतर येणारा प्रत्येक पाहुणा ‘कुठली लाइन घेणार?’ असं विचारायचा. त्याला सायन्स, कॉमर्स, आर्ट्स या तीनच लाइनी ठाऊक असत, आणि त्यातली तिसरी तो हळू आवाजात उच्चारत असे.

डोंबिवलीहून

वडील आयसीयूत होते. पहाटे डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, ‘बाबांना सेंट्रल लाइन टाकायचीय, संमतीपत्रावर सही लागेल.’ माझे काका उभा जन्म सकाळची फास्ट पकडत आलेले. ते दचकून म्हणाले, ‘सेंट्रल लाइनवर काय झालं?’

डॉक्टर हसले नाहीत, शांतपणे खाली बसून त्यांनी समजावलं. हाताच्या शिरेतली सलाइनची नळी बारीक असते. रक्तदाब उचलून धरणारी काही औषधं त्या लहान शिरेला आणि आजूबाजूच्या मांसाला इजा करतात. म्हणून मानेतून किंवा गळपट्टीच्या हाडाखालून मोठ्या शिरेत लांब नळी सरकवतात. तिचं टोक हृदयाच्या अगदी जवळ पोचतं, तिथे रक्ताचा प्रवाह जोरात असतो आणि औषध लगेच पातळ होऊन पसरतं. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘म्हणजे फास्ट ट्रॅक.’ डॉक्टर म्हणाले, ‘अगदी.’

वडील बरे होऊन घरी आले. मानेवरची पट्टी निघाली त्या दिवशी काकांनी जाहीर केलं, ‘मेगाब्लॉक संपला.’

सातारा, माजी सैनिक

आमच्यासाठी लाइन म्हणजे राहण्याची जागा. जवानांच्या बराकी एका ओळीत, म्हणून लाइन्स. पोलीस लाइन, सिव्हिल लाइन्स ही सगळी त्याच चालीची नावं. मुंबईकर रोज मरीन लाइन्सला उतरतात, पण त्या नावाचा रेल्वेच्या लाइनीशी संबंध नाही. तिथे मरीन बटालियनची वस्ती होती, स्टेशनाला नाव मिळालं ते तिच्यावरून.

दुसरी लाइन म्हणजे नियंत्रण रेषा. १९४९ साली ती युद्धबंदी रेषा होती. १९७१ चं युद्ध झालं, १९७२ चा सिमला करार झाला आणि ती लाइन ऑफ कंट्रोल झाली. आम्ही नुसतं एलसी म्हणायचो. नकाशावर बोटाने दाखवता येते, जमिनीवर मात्र ओढा, घसरडा उतार, देवदाराची झाडं. लाइन कुठे आहे ते जुन्या माणसाने दाखवल्याशिवाय नव्याला कळत नाही. याहून जास्त लिहीत नाही.

नागपूरहून

मुंबई-पुण्यात लाइट जाते, आमच्याकडे लाइन जाते. पुण्याला शिकायला गेलो तेव्हा ‘लाइन गेली का?’ असं विचारलं की रूममेट खिडकीबाहेर बघायचे. शेताकडे तर सगळा दिवस या शब्दाभोवती फिरतो. ‘लाइन कधीची आहे?’ म्हणजे या आठवड्यात पंपाला वीज दिवसा की रात्री. रात्रीची असली की बॅटरी, काठी आणि गमबूट घेऊन ओलिताला जायचं. साप-विंचवाची भीती असतेच, त्यात हिवाळ्यात पाणी हाताला चावतं. लाइन आहे पण मोटर उचलत नाही, तर एक फेज गेलेला. मग लाइनमनला फोन. तो डीपीवर. (आमची डीपी म्हणजे रोहित्र, मोबाइलवरचा फोटो नव्हे. पुतणीला हे सांगावं लागलं.)

याच संदर्भात, एका लाइनमनची बायको

‘ते लाइनवर आहेत’ असं मी फोनवर सांगते तेव्हा लोकांना वाटतं दुसऱ्या फोनवर बोलताहेत. ते खरोखर लाइनवर असतात. खांबावर चढण्याआधी ‘लाइन बंद घेतली’ याची खात्री करायची, तारा जमिनीला जोडून अर्थिंग करायचं, मगच हात लावायचा. पावसाळ्यात फोन लागला नाही तर मी जेवत नाही. बाकी तुमचं चालू द्या, वाचायला मजा येतेय.

मिरजेच्या बाजूची, स्टेशनमास्तरांची मुलगी

आमच्या लहानपणी एकेरी मार्ग होता. येणारी-जाणारी गाडी एकाच रुळावर. पुढच्या स्टेशनाने ‘लाइन क्लिअर’ दिल्याशिवाय गाडी सोडायची नाही. दोन स्टेशनांत जोडीची यंत्रं असत. आमच्या यंत्रातून लोखंडी गोळा एकदा बाहेर पडला की तो पुन्हा या किंवा त्या यंत्रात पडेपर्यंत दुसरा गोळा दोन्हीकडून निघत नसे. म्हणजे दोन स्टेशनांमध्ये एका वेळी एकच गाडी. तो गोळा चामडी पिशवीत, पिशवी वेताच्या मोठ्या कड्याला. न थांबणाऱ्या गाडीतून हात बाहेर काढून इंजिनवाला ते कडं दंडात अडकवून घ्यायचा. गोळा हातात नसेल तर ड्रायव्हर पुढे जाणार नाही, मग कुणीही सांगो.

क्वार्टरमध्ये मोरी एकच आणि माणसं सात. सकाळी आई ओरडून विचारायची, ‘लाइन क्लिअर?’ आतून उत्तर आल्याशिवाय कुणी टॉवेल उचलायचा नाही. लग्नानंतर सासरी मी हेच विचारलं तेव्हा सासूबाई बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. आता त्याही विचारतात.

न्यू जर्सीहून

इथे रांगेत उभं राहणं म्हणजे ‘इन लाइन’. नदीपलीकडे न्यूयॉर्कात मात्र जुनी माणसं ‘ऑन लाइन’ म्हणतात. पहिल्या वर्षी बेकरीत एका आजींनी मला विचारलं, ‘तू ऑन लाइन आहेस का?’ मी खिशातला फोन काढला. लंडनला चुलतभाऊ राहतो, त्यांच्याकडे रांगेला क्यू, त्यामुळे त्याला यात विनोद दिसतच नाही.

हौशी नाटकाच्या तालमीत इथला नट वाक्य विसरला की नुसतं ‘लाइन!’ म्हणतो आणि समोरून वाक्य येतं. आमच्या मराठी मंडळात विसरलेला नट प्रॉम्प्टरकडे रागाने बघतो, जणू चूक त्याचीच.

नाव गाव नको

दोन गुलाबी लाइनी. २०१९ मध्ये त्या दिसल्या तेव्हा बाथरूममध्येच रडले, आनंदाने. २०२१ मध्ये करोनाच्या पट्टीवर तशाच दोन दिसल्या, मुलगी दीड वर्षाची, दाराबाहेर हाका मारत होती.

एका दैनिकातून

आमच्याकडे हेडलाइन, बायलाइन, डेटलाइन. डेटलाइनमध्ये आता तारीख क्वचितच असते, गावाचं नाव उरलंय. डेडलाइनचा जन्म मात्र वाचून घ्या. १८६४ साली, अमेरिकेच्या यादवी युद्धात, अँडरसनव्हिलच्या युद्धकैद्यांच्या तुरुंगात कुंपणाच्या आत एक रेषा ठरवली होती. ती ओलांडणाऱ्या कैद्याला पहारेकरी गोळी घालत. आमचे संपादक इतके वाईट नाहीत.

सांगली, साइट इंजिनिअर

धागा उघडणाऱ्यांनी जवसाचा दोरा सांगितला म्हणून लिहिते. आमच्या साइटवर तो अजून जिवंत आहे, फक्त आता नायलॉनचा. बांधकामाची सुरुवातच ‘लाइनआउट’ने होते. चार कोपऱ्यांना खुंट्या, खुंट्यांना लाइनदोरी, तीन-चार-पाचचा त्रिकोण धरून गुण्या, म्हणजे काटकोन, जुळवायचा, मग दोरीखालून फक्की टाकायची. तेवढ्यात घरमालक सहकुटुंब येतात आणि फक्कीच्या रेघांत उभं राहून म्हणतात, ‘एवढंसंच किचन?’ सगळ्यांना वाटतंच तसं, भिंती उभ्या राहिल्या की जागा मोठी दिसते. जुने गवंडी यंत्रापेक्षा दोरीवर विश्वास ठेवतात. बोटाने टिचकी मारली की ताण कळतो म्हणे. मला अजून कळत नाही.

शाळेतून, आठवी ब

मी नव्या गावात बदली होऊन आले. पहिल्याच तासाला म्हणाले, ‘सगळ्यांनी डाव्या बाजूला एक लाइन मारा.’ डाव्या बाजूला मुलींची रांग होती. वर्ग शांत व्हायला पाच मिनिटं लागली. तेव्हापासून मी ‘समासाची रेघ ओढा’ असं शुद्ध मराठीत सांगते. काल मागच्या बाकावरून आवाज आला, ‘मॅडम, रेघ ओढली, आता लाइन मारू का?’