ऑफिसच्या सजावटीत आपला सडा, म्हणजे जांभ्या कातळाचे पठार, कसा आणावा?

कातळवाट: नमस्कार. रत्नागिरीत पहिल्या मजल्यावर १२०० चौरस फुटांच्या जागेत आमचे नकाशे काढण्याचे काम चालते. सजावटीच्या पहिल्या आराखड्यात एका भिंतीवर कासच्या फुलांचे भव्य छायाचित्र, दुसरीवर जांभ्याचा छापील वॉलपेपर आणि छताला प्लास्टिकच्या वेली होत्या. कास सुंदरच आहे, पण ते घाटावर, साताऱ्याकडे. आमच्या खिडकीतून दिसतो तो मे महिन्यात तापून निघणारा आणि जुलैत हिरवागार होणारा सडा. त्याच्याशी खरे नाते सांगणारी जागा हवी आहे. खरा चिरा, म्हणजे जांभ्याचा कापीव दगड, लावावा का, त्याची भुकटी संगणकांवर बसेल का, आणि दर्शनी भागात कातळशिल्पाची, म्हणजे सड्यावर कोरलेल्या प्राचीन चित्राची, आकृती शोभेल का, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

चिरेबंदी: मी या भागात वास्तुरचनेचे काम करतो. अख्खे चिरे वर रचू नका. एकेक चिरा मापानुसार २५-३० किलोच्या घरात जातो आणि स्लॅबवर विनाकारण भार येतो. त्याऐवजी इंचभर जाडीच्या कापीव पट्ट्या घ्याव्यात. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो आणि हवा लागल्यावर कठीण होतो, म्हणून ताज्या पट्ट्या काही आठवडे उघड्यावर राहू द्याव्यात. नंतर चकाकी न येणारे पारदर्शक सीलर दिल्यास भुकटी बरीच आटोक्यात राहते. तरीही ही भिंत टेबलांपासून दूर, प्रवेशाजवळ असावी. पावसाचा मारा खाणाऱ्या पश्चिमेच्या भिंतीला आतून जांभा चिकटवू नये, कारण मुरलेली ओल पट्ट्यांमागे अडकून राहते आणि पुढे कुबट वास सुटतो.

फणसाळी: लाकूडकामासाठी फणसाचा विचार अवश्य करावा. ताजे असताना ते पिवळे दिसते आणि वर्षागणिक तांबूस तपकिरी होत जाते. बांबूबाबत मात्र सावध राहा. आमच्या कार्यालयात माणगा जातीच्या बांबूचे सुंदर आडोसे केले होते. सहा महिन्यांत सकाळी टेबलावर पिवळसर पीठ सांडलेले दिसू लागले आणि कांबींना टाचणीएवढी भोके पडली. कीड लागू नये म्हणून करायची बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडची प्रक्रिया पुरवठादाराने केलीच नव्हती. ती झाल्याची खात्री स्वतः करून घ्या.

गेंद: मी वनस्पतिशास्त्र शिकवते. एकदा सड्यावर गुडघे टेकून पाहावे, अशी माझी विनंती आहे. वरचा कातळ तांबडा नसतोच. तो काळपट असतो आणि त्यावर दगडफुलाचे राखाडी-पांढरे ठिपके असतात. तांबडा, पिवळा, मधूनच जांभळट रंग चिरा कापल्यावर आतून निघतो. छापील वॉलपेपर खोटा वाटतो तो यामुळेच. म्हणून जमीन काळपट, भिंती फिक्या राखाडी आणि तांबडा रंग केवळ चिऱ्याच्या कापलेल्या पृष्ठभागापुरता ठेवला, तर सडा खोलीत आपोआप येईल. सीतेची आसवे, गेंद किंवा तेरडा ही सड्यावरची रानफुले उपटून कुंडीत लावू नका. बोटभर मातीवरून सतत झिरपणाऱ्या पाण्यावर जगणारी सीतेची आसवे आणि गेंद वातानुकूलित खोलीत आठवडाभरही तग धरणार नाहीत. कोकणातली कातळशिल्पे २०२२ पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत. त्यांची रेखाकृती भिंतीवर असावी, पायाखाली येईल अशी फरशीवर कदापि नसावी.

कातळवाट: सर्वांचे मनःपूर्वक आभार. छायाचित्र आणि वेली रद्द केल्या आहेत. सड्याकडची खिडकी कपाटाने अर्धी झाकली जाणार होती. ते कपाट आता मागच्या भिंतीला जाईल आणि खिडकीला पडदा न लावता बाहेरून छज्जा वाढवू. येत्या रविवारी खाणीवर जाऊन पिवळी छटा असलेले चिरे निवडणार आहोत.