हॅस्केलची चिमुकली पार्सर लायब्ररी: टेस्ट माझ्याकडे पास, मित्राकडे नापास

रोजमेळ: आजोबांचं बार्शीला किराणा दुकान होतं. त्यांच्या वहीतल्या 'गूळ २॥ शेर' असल्या नोंदी टाइप करून घेतल्या आणि त्या वाचायला हॅस्केल या प्रोग्रामिंग भाषेत पार्सर कॉम्बिनेटर (मजकुराचे तुकडे ओळखणारी, एकमेकांना जोडता येणारी छोटी फंक्शनं) लिहिले. जेमतेम १८० ओळी, बेस या हॅस्केलच्या मूळ लायब्ररीशिवाय कसलीही डिपेन्डन्सी नाही. (पार्सेक ही तयार पार्सर लायब्ररी वापर म्हणू नका, हौसेनं हातानं लिहिलंय.) आकडा ओळखणारं इजडिजिट फंक्शन आपल्या '२'ला आकडाच मानत नाही, हे लवकर कळलं. पण पाऊण म्हणजे '॥।', आणि मी आधी '॥' (अर्धा) तपासत होतो, त्यामुळे शेवटचा दंड लोंबकळत राहायचा. त्यात अख्खा रविवार गेला.

आता हॅकेजवर, म्हणजे हॅस्केलच्या सार्वजनिक पॅकेज-भांडारात, टाकायचंय. 'कबाल एसडिस्ट'नं (कबाल हे हॅस्केलचं पॅकेज बांधायचं साधन) बांधलेलं गाठोडं मित्राला पाठवलं, तर त्याच्याकडे टेस्ट 'अशी फाइल नाही' म्हणून आपटते. माझ्याकडे हिरवीगार. असं का?

पदच्छेद: टेस्टमध्ये नमुन्याची वही फाइलमधून वाचताय ना? एसडिस्ट अख्खा फोल्डर उचलत नाही, पॅकेजची माहिती असलेल्या कबाल फाइलमध्ये नोंदलंय तेवढंच बांधतं. 'एक्स्ट्रा-सोर्स-फाइल्स'मध्ये तिचं नाव घाला. मग गाठोडं दुसरीकडे सोडून तिथून टेस्ट चालवा. आपल्या फोल्डरात सगळं असतंच, तिथे चूक दिसणार कशी?

रोजमेळ: तेच निघालं! पण मित्राच्या डॉकरमध्ये (प्रोग्राम चालवायचा बंदिस्त कंटेनर) आता नवं रडगाणं: २२४पासून सुरू होणारे बाइट उलगडता येत नाहीत म्हणे.

अर्धविराम: २२४ म्हणजे देवनागरीच की. यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये (अक्षरं बाइटांत लिहायची पद्धत) आपलं प्रत्येक अक्षर त्याच बाइटनं सुरू होतं, तुमचे दंडसुद्धा. कंटेनरात लोकेल (भाषा-एन्कोडिंगची सेटिंग) लावलेलं नसेल तर फाइल वाचणारं रीडफाइल आस्की (फक्त इंग्रजी अक्षरांचं एन्कोडिंग) धरून बसतं. 'एचसेटएन्कोडिंग'नं यूटीएफ-८ स्पष्ट सांगा. लायब्ररीनं मात्र स्ट्रिंगच घ्यावी, फाइल उघडायचं काम टेस्टपुरतं.

आणि घाई नको. नुसतं 'कबाल अपलोड' दिलं तर कॅन्डिडेट (तपासणीपुरती कच्ची आवृत्ती) चढतो, तो हवा तितक्या वेळा बदला. 'पब्लिश' लावलंत की तो आवृत्ती क्रमांक संपला, त्याच क्रमांकावर दुरुस्त फाइल चढत नाही. बेसच्या कुठल्या आवृत्तीपर्यंत चालेल ही वरची मर्यादा नंतर रिव्हिजननं (फक्त कबाल फाइलमधली दुरुस्ती) बदलता येते, तिच्यापायी अडून राहू नका.

रोजमेळ: चाललं. लायसन्सची फाइल राहिली होती, ती 'कबाल चेक'नं पकडली. ०.१.०.०चा कॅन्डिडेट चढवलाय. आता मित्र विचारतोय, शेराचे किलो कधी करणार. नाही करणार.