त्सुनामीची मदत लिट्टेसोबत वाटायला हवी होती का? (श्रीलंका, 2005)

खारा वारा
26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीत श्रीलंकेत 35 हजारांच्या आसपास माणसं गेली. उत्तर आणि पूर्व किनाऱ्याला सर्वात मोठा तडाखा बसला. त्यातल्या मुल्लैतीवूसारख्या भागात कोलंबोचं राज्य चालत नव्हतं, लिट्टे या तमिळ बंडखोर संघटनेचं चालत होतं. मदत तिथवर न्यायची तर दोघांनी एकत्र बसणं भाग होतं. नॉर्वेच्या मध्यस्थीने 24 जून 2005 ला 'पी-टॉम्स' करार झाला तो त्यासाठी. जाफना, किलिनोच्ची, मुल्लैतीवू, त्रिंकोमाली, बट्टिकलोआ, अम्पारा हे सहा जिल्हे आणि समुद्रापासून 2 किलोमीटरपर्यंतचा पट्टा, एवढीच त्याची हद्द होती.

जिल्हा समितीने गरजा ठरवायच्या, प्रादेशिक समितीने कामं मंजूर करायची, वरच्या तीन जणांच्या समितीने धोरण पाहायचं. पैसा एका आंतरराष्ट्रीय संस्थेच्या ताब्यात राहणार होता. याला विरोध म्हणून जेव्हीपी या सिंहली राष्ट्रवादी डाव्या पक्षाने 39 खासदारांसह सरकार सोडलं, एका भिक्खूंनी कँडीत आमरण उपोषण केलं आणि 15 जुलैला सर्वोच्च न्यायालयाने मुख्य कलमांना स्थगिती दिली. माझ्या मते करार असा अडवणं ही मोठी चूक झाली, आणि तिची किंमत किनाऱ्यावरच्या माणसांनी मोजली.

लेखापाल
सहमत नाही. न्यायालयाने करार सरसकट बेकायदा ठरवला नव्हता. स्थगिती होती ती प्रामुख्याने प्रादेशिक निधीला आणि प्रादेशिक समितीचं कार्यालय किलिनोच्चीत ठेवण्याला. किलिनोच्ची म्हणजे लिट्टेची राजधानी. तिथे सरकारच्या प्रतिनिधीने फाइल मागितली तर कोणाच्या पहाऱ्यात बसून वाचायची? आणि सरकारच्या नावाने आलेला पैसा संचित निधीत, म्हणजे सरकारच्या मुख्य तिजोरीत जायला हवा, त्यावर संसदेचं नियंत्रण हवं, महालेखापरीक्षकांची तपासणी हवी. हा तांत्रिक मुद्दा नाही. मदतीच्या पैशाला पाय फुटतात ते नेमके अशाच समांतर खात्यांतून.

शिवाय जागा मोजा. प्रादेशिक समितीत 10 जण: लिट्टेचे 5, मुस्लिम पक्षांचे 3, सरकारचे 2. अध्यक्ष लिट्टेचा. आपल्याच देशात सरकार पाचातलं एक.

खारा वारा
कार्यालयाबद्दल तुमचा मुद्दा मान्य, ते त्रिंकोमालीत ठेवता आलं असतं. पण निधीबद्दल नाही. लिट्टेच्या हातात रोकड जाणारच नव्हती. समितीने काम मंजूर केल्यावर निधी सांभाळणाऱ्या संस्थेने आपल्या खरेदीच्या नियमांनी पैसे सोडायचे, असा रस्ता होता. त्या भूमिकेसाठी जागतिक बँकेचं नाव होतं.

लेखापाल
बँकेचं खातं स्वच्छ राहील हो. गळती तिथे होतच नाही. ती तीन ठिकाणी होते: लाभार्थींची यादी करताना, कंत्राटदार निवडताना आणि माल रस्त्यावर असताना. उत्तरेकडे जाणाऱ्या ए-9 रस्त्यावर लिट्टेचे नाके मालावर कर घेत होतेच. बांधकामाच्या मालावर नाक्यावर चार पैसे चढले की ते अंदाजपत्रकात 'वाहतूक' म्हणून बसतात, आणि कोणत्याही लेखापरीक्षकाला सापडत नाहीत. अमेरिकेने लिट्टेला 1997 पासून दहशतवादी संघटनांच्या यादीत टाकलं होतं, भारताने 1992 मध्ये बंदी घातली होती. या देशांचे कायदे पाहता किती देणगीदार त्या निधीत पैसे टाकू शकले असते?

पूर्वकिनारा
दोघेही ज्यांना विसरताय त्यांच्याबद्दल लिहितो. देशात सर्वाधिक मृत्यू अम्पारा जिल्ह्यात झाले, आणि तिथल्या किनाऱ्यावर कलमुनई, मरुदमुनई, सैंदमरुदु ही दाट मुस्लिम वस्ती. करारावर सह्या सरकारच्या आणि लिट्टेच्या. मुस्लिमांना समितीत खुर्च्या दिल्या, सहीला बोलावलं नाही. 1990 मध्ये ज्या संघटनेने उत्तरेतल्या मुस्लिमांना घरांतून हाकललं, तिच्याच अध्यक्षाकडे घराचा अर्ज घेऊन जायचं, हे त्यांनी कसं पत्करायचं?

पण करार नसताना तरी काय मिळालं? दक्षिणेत किनाऱ्यापासून 100 मीटर बांधकामबंदी आणि उत्तर-पूर्वेत 200 मीटर. जिथे वस्ती समुद्राला चिकटून आणि मागे भातशेती, तिथे 200 मीटरची रेघ म्हणजे गावच पुसणं. मागची जमीन सरकारची, तिच्यावरून पुन्हा सिंहली-मुस्लिम वाद. अम्पारा जिल्ह्यातल्या नुरैच्चोलेत सौदी मदतीने उभी राहिलेली 500 घरं अशाच वादात वर्षानुवर्षं रिकामी पडली. इथे लिट्टेचा काही संबंध नव्हता.

उत्तरेचा तारा
इंडोनेशियाच्या आचे प्रांताकडे पाहा. तोच समुद्र, तोच दिवस, तिथेही बंडखोर, 'गाम' नावाची संघटना. इंडोनेशियाने 'गाम'ला निधीत वाटा दिला नाही. एप्रिल 2005 मध्ये पुनर्बांधणीसाठी स्वतंत्र संस्था उभी केली, देणगीदारांचा निधी वेगळा ठेवला, आणि राजकीय बोलणी हेलसिंकीत वेगळ्या टेबलावर केली. 15 ऑगस्टला करार झाला, 'गाम'ने 840 शस्त्रं जमा केली. श्रीलंकेत मदतीच्या करारावरच शांततेचं ओझं टाकलं, आणि त्याखाली दोन्ही मोडलं.

खारा वारा
'गाम'कडे जमीन नव्हती. लिट्टेकडे पोलीस होते, न्यायालयं होती, करवसुली होती, नौदल होतं. 'गाम' थकली होती, लिट्टे नव्हती. आचेचं कुलूप इथल्या किल्लीने उघडत नाही.

लेखापाल
किल्ली होती, आणि ती वापरलीही गेली. पूर्ण पडलेल्या घराला अडीच लाख श्रीलंकन रुपये, अंशतः पडलेल्याला एक लाख, थेट मालकाच्या बँक खात्यात, हप्त्याहप्त्याने. पाया झाला की पुढचा हप्ता, भिंती झाल्या की त्याच्या पुढचा. मध्ये समिती नाही, कंत्राटदार नाही, अध्यक्ष कोणाचा हा प्रश्न नाही.

पूर्वकिनारा
ही योजना चांगली होती, पण कोणासाठी? ज्याची जमीन बांधकामबंदीच्या रेघेबाहेर आहे आणि कागद हातात आहेत त्याच्यासाठी. 200 मीटरच्या आतल्या मच्छीमाराला आधी दुसरी जागा हवी. ती जागा कोण देणार, हाच तर त्या समितीपुढचा पहिला प्रश्न असता. आणि बंदराचा धक्का, पाण्याची टाकी, शाळा कोणाच्या खात्यात जमा करणार?

लेखापाल
धक्का आणि शाळा जिल्हाधिकाऱ्याकडून. किलिनोच्ची, मुल्लैतीवूतही सरकारी कचेऱ्या युद्धकाळात चालू होत्या, पगार कोलंबोहून जात होता. तीच साखळी वाढवायची होती.

खारा वारा
चालू होत्या, पण लिट्टेच्या संमतीने. म्हणजे वाटणी होतीच, फक्त कागदावर नव्हती. पी-टॉम्सने ती कागदावर आणली आणि वर्षभराची मुदत घातली. नोव्हेंबरात राजपक्षे करार रद्द करण्याचं वचन देऊन निवडून आले, 2006 मध्ये लढाई पुन्हा पेटली, आणि लिट्टेच्या हद्दीतल्या कुटुंबांची घरं अर्धवट असतानाच त्यांना पुन्हा विस्थापित व्हावं लागलं.