निशाकेतूची जादू: वारसा, पिढीजात, उपजत की मायावी?

नाटकवाली (दांडिया बाजार, बडोदे):

नमस्कार मंडळी. यंदा गणपतीत मुलांचं एक नाटक बसवतोय. गोष्ट मीच लिहिली आहे. खलनायकाचं नाव निशाकेतू. तो माणसाची सावली जमिनीवरून चादरीसारखी उचलतो, घडी घालून पेटीत ठेवतो, आणि सावली गेलेला माणूस स्वतःचं नाव विसरतो. ही विद्या त्याला कुणी शिकवलेली नाही. आईच्या आईकडून आईला आणि आईकडून त्याला, अशी ती घरातच चालत आलेली आहे.

दुसऱ्या प्रवेशात तो आपली ओळख करून देतो. तिथे वाक्य आहे, 'ही जादू मला वारशानं मिळाली.' तालमीत ते ऐकताना मला खटकतं. वारसा म्हटलं की गाण्याचा, विद्येचा, वाड्याचा वारसा आठवतो, म्हणजे अभिमानाची गोष्ट. 'वंशपरंपरागत' म्हणताना दहा वर्षांच्या पोराची जीभ अडखळते. 'आनुवंशिक' म्हटलं की मधुमेह आठवतो. 'पिढीजात' चांगला आहे, पण त्याला धंद्याचा वास येतो: पिढीजात सोनार, पिढीजात वैद्य. शिवाय निशाकेतूला म्हणायचं काय? जादूगार, मांत्रिक, चेटक्या, मायावी? प्रत्येक शब्दानं त्याचा चेहरा बदलतोय. कृपया मनापासून मदत करा.

रावपुरेकर:

जादूगार नको. तो तिकीट लावून टोपीतून कबुतर काढतो आणि प्रयोग संपला की घरी जातो. त्याला कुणी घाबरत नाही. मांत्रिक तर मुळीच नको, कारण मंत्र घ्यावा लागतो. मांत्रिकाला गुरू असतो, साधना असते, अमावास्या असते. तुमच्या माणसाला यातलं काहीच करावं लागलेलं नाही. गारुडीही त्याच कारणानं बाद. 'खानदानी' कसा वाटतो?

नाटकवाली:

खानदानी म्हटलं की तो मला आवडायला लागेल!

संस्कृतपाठी:

ताई, शक्ती आली कुठून हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे, आणि त्याचं उत्तरही नेमकं दिलेलं आहे. पतंजलींच्या योगसूत्रांत चौथ्या पादाचं पहिलंच सूत्र असं: 'जन्मौषधिमन्त्रतपःसमाधिजाः सिद्धयः'. सिद्धी पाच वाटांनी येते: जन्मानं, औषधीनं, मंत्रानं, तपानं आणि समाधीनं. रावपुरेकरांचा मांत्रिक तिसऱ्या वाटेचा. तुमचा निशाकेतू पहिल्या वाटेचा. त्याची सिद्धी 'जन्मजा'. पाचांत जन्म पहिला घेतला आहे याकडे लक्ष द्या, कारण त्या वाटेला काहीच करावं लागत नाही.

आता मायावी. हा शब्द मला इथे सगळ्यांत जवळचा वाटतो. मय दानवाला दोन मुलगे, थोरल्याचं नाव मायावी आणि धाकट्याचं दुंदुभी. मुलगी मंदोदरी. वालीनं ज्याचा गुहेपर्यंत पाठलाग केला तो मायावी हाच. म्हणजे मयाच्या घरात 'मायावी' हे थोरल्या मुलाचं नावच होतं.

पण एक सावधगिरी. इथे सगळ्यांच्या तोंडी लगेच इंद्रजिताचं उदाहरण येईल: मयाचा नातू, आजोळ मायावी, म्हणून तोही मायावी. रामायण नीट वाचलं तर तसं नाही. आपल्याच बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिरानं १९६० ते १९७५ या काळात वाल्मीकिरामायणाची चिकित्सक आवृत्ती सात खंडांत काढली. त्यातलं उत्तरकांड काढून बघा. मेघनाद, म्हणजे हाच इंद्रजित, एकामागून एक यज्ञ करतो आणि पशुपतीकडून 'तामसी' नावाची माया मिळवतो. पुढे ब्रह्मदेवाच्या वरातही अट आहेच: होम पुरा झाला तर अजिंक्य, अर्धा राहिला तर मरण. निकुंभिलेत, त्याच्या होमाच्या जागी, लक्ष्मणानं नेमकं तेच साधलं. आजोबांची माया खरोखर रक्तात असती तर होमाची गरज काय होती? त्याची शक्ती कमावलेली होती आणि कमावलेली होती म्हणूनच मोडता आली.

खरा जन्मजात मायावी हवा असेल तर घटोत्कच बघा. हिडिंबेचा मुलगा. जन्मला त्याच दिवशी वाढला, हवं ते रूप घेऊ शकला. त्यासाठी महाभारतात 'कामरूपी' हा शब्द येतो, तोही तुमच्या टिपणात ठेवा. त्याची माया सगळी आईकडची, आणि ती त्यानं वापरली पांडवांसाठी. कर्णाला इंद्रानं दिलेली शक्ती अर्जुनासाठी राखून ठेवायची होती, ती त्या रात्री घटोत्कचावर खर्च झाली. एवढी माया असून त्याला कुणी खलनायक म्हणत नाही. तेव्हा 'मायावी' या शब्दात दुष्टपणा आपोआप येत नाही, तो तुम्हाला वेगळा लिहावा लागेल.

तालीममास्तर:

यात नाट्यशास्त्राची बाजूही आहे. खलनायक हा शब्द आज रूढ आहे, पण जुना शब्द प्रतिनायक. धनंजयाच्या 'दशरूपक' या नाट्यशास्त्राच्या ग्रंथात प्रतिनायक लोभी, धीरोद्धत, हट्टी, पापी, व्यसनी असा सांगितलाय. आणि धीरोद्धत म्हणजे काय, तर दर्प आणि मत्सर यांनी भरलेला, 'मायाच्छद्मपरायण'. माया आणि कपट हाच ज्याचा आधार, असा. म्हणजे तुमच्या माणसाची जागा शास्त्रातच आखलेली आहे. रंगभूमीवर १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी सुरुवात केली तेव्हापासून राक्षसपार्टी म्हणजे आरडाओरडा, तलवारी आणि अललडुर्र. मुलांना ते हवंच असतं. पण निशाकेतूला ओरडायला लावू नका. ज्याची शक्ती जन्माची आहे त्याला ती सिद्ध करून दाखवायची गरज वाटत नाही. त्याला हळू बोलू द्या.

नाटकवाली:

मास्तर, हे मी आजच्या तालमीत करून बघते.

मायावीबद्दल माझी एक अडचण आहे, पण ती गोडही आहे. मराठीत माया म्हणजे आधी आजीची माया. मुलांना तोच अर्थ पहिला येतो. 'मायाळू' आणि 'मायावी' यांतला फरक सांगताना मी सहज विचारलं, माया म्हणजे काय? एकीनं सांगितलं, आई फ्रॉक शिवताना आत जास्तीचं कापड सोडते ती माया. बरोबरच आहे, शिवणात माया ठेवतातच, मूल वाढलं की उसवून मोठं करता यावं म्हणून. आणि मोठी माणसं म्हणतात, त्यानं बरीच माया जमवली. एकाच शब्दात जिव्हाळा, पैसा, शिवणीतलं जास्तीचं कापड आणि डोळ्यांना फसवणारी जादू! संस्कृतात जिव्हाळ्याचा अर्थ इतका पुढे आलेला नाही, मराठीनं तो आपला करून घेतलाय. निशाकेतूची जादू आजीकडून आली असेल तर 'माझ्या आजीची माया' हे वाक्य दोन्हीकडून खरं ठरतं. हे मला सोडायचं नाही.

मांडवीची लेक:

चेटक्या, चेटूक, चेटकीण या शब्दांबद्दल कळकळीनं बोलायचं आहे. हे शब्द गोष्टीतले वाटतात, पण 'ती डाकीण आहे, तिची आईही तशीच होती' असं म्हणून बायकांना मारहाण झाली आहे, जीव गेले आहेत. गुजरातीत 'डाकण' म्हणतात, अर्थ तोच आणि हिंसाही तीच. महाराष्ट्रानं २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा केला, गुजरातेत तसा कायदा २०२४ साली झाला. त्या समजुतीच्या मुळाशी हीच कल्पना आहे की वाईट शक्ती आईकडून मुलीकडे जाते. तुमच्या नाटकातही जादू आजी, आई अशी येते. म्हणून नाटकातल्या आजीला वाईट करू नका. तिनं ती शक्ती कशासाठी वापरली ते दाखवा. आणि 'चेटूक' हा शब्द गावकऱ्यांच्या तोंडी रागात येऊ दे हवा तर, पण निवेदकाच्या तोंडी नको.

नाटकवाली:

पटलं. आजी उन्हात चालणाऱ्या वाटसरूंना आपली सावली उसनी द्यायची, असं लिहिते. निवेदकाच्या तोंडून चेटूक काढून टाकलं.

वकीलकाका (राजमहाल रोड):

तुम्ही सगळे जादूच्या मागे लागलात, पण ताईंचा मूळ प्रश्न 'वारसा' या शब्दाचा होता. राज्यकारभाराचे शब्द पारखून घ्यायची सवय बडोद्याला जुनी आहे. १९३१ साली इथे आठ भाषांतला शासनशब्दकल्पतरू निघाला. तेव्हा वारशाचा शब्दही जरा पारखून घेऊ.

वारसा अरबीतून आला. रोजच्या बोलण्यात त्याच्यामागे एक मृत्यू गृहीत असतो. अमका गेला, मग तमक्याला मिळालं. धर्मशास्त्रात मात्र दोन मतं आहेत. विज्ञानेश्वराचा 'मिताक्षरा' हा ग्रंथ म्हणतो, वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाचा हक्क जन्मताच उभा राहतो, बाप जिवंत असला तरी. हा जन्मस्वत्ववाद. बंगालचा जीमूतवाहन 'दायभाग' या आपल्या ग्रंथात म्हणतो, बाप असेतोवर मुलाचं काही नाही. हा उपरमस्वत्ववाद. उपरम म्हणजे इथे मृत्यू. आपल्याकडे, महाराष्ट्रात आणि गुजरातेत, मिताक्षरा.

मग ताई, तुम्हीच सांगा: आई जिवंत असताना निशाकेतूला सावली उचलता येत होती का? येत असेल तर तो जन्माचा हक्क, आणि बोलीतला 'वारशानं मिळाली' इथे चुकीचा अर्थ देतो. आई गेल्यावर आली असेल तर वारसा ठीक.

आणखी पुढचं. ही जादू आईच्या आईची. म्हणजे वडिलोपार्जित नाहीच, स्त्रीधनासारखी. मिताक्षरेत स्त्रीधन आधी मुलीकडे जातं, तीही आधी अविवाहित मुलीकडे. मुलाचा नंबर बराच मागे. (१९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानं स्त्रीच्या मालमत्तेत मुलगा, मुलगी आणि नवरा यांना बरोबरीला आणलं, पण तुमची गोष्ट जुन्या राजाच्या काळातली.) निशाकेतूला बहीण आहे का? असेल तर तो वारस नव्हे, वारसा बळकावणारा आहे. आपल्या भाषेत या सगळ्या प्रकाराला एकच खणखणीत शब्द आहे, भाऊबंदकी.

संस्कृतपाठी:

वकीलकाका, तर्क सुंदर आहे, पण जन्मजा सिद्धी बळकावता येत नाही. नाकाचा आकार कसा बळकावणार? तिची वाटणीही होत नाही. दोन मुलं असतील तर दोघांतही ती पुरती उतरू शकते.

वकीलकाका:

हे मात्र खरं. मग तिला दाय, म्हणजे वारशाची मालमत्ता, म्हणताच येणार नाही. वाटणी होत नाही, दान देता येत नाही, गहाण टाकता येत नाही, तिला मालमत्ता कसं म्हणू?

नाटकवाली:

तुम्हा दोघांच्या या वादानं माझं नाटकच सुटलं! मी दोन गोष्टी एका शब्दात कोंबत होते. शक्ती आणि पेटी. सावली उचलण्याची शक्ती दोन्ही भावंडांत जन्मापासून आहे, तिला वारसा म्हणायचं नाही. सावल्या ठेवायची पेटी आजीची, ती आईला मिळाली, आणि आईनंतर बहिणीची व्हायची होती. तिला वारसा हा शब्द चोख बसतो. निशाकेतूनं पेटी पळवली. खलनायक तो तिथे झाला, जन्मानं नाही. बहीण तीच जादू वापरून सावल्या परत करत जाते.

आता राहिला शक्तीचा शब्द. 'उपजत' नेमका आहे, पण तो कुणाकडून ते सांगत नाही. 'अंगची' चालेल, अंगचा गुण म्हणतोच आपण.

रावपुरेकर:

'खाण तशी माती' ही म्हण आहे ना, ती निशाकेतूच्या तोंडी द्या. मला काय बोलता, खाण तशी माती! आणि बहिणीनं तिथेच उलट विचारावं, मग मी कुठल्या खाणीतली?

मांडवीची लेक:

वा! हे मुलं टाळ्या वाजवून घेतील. ताई, आणि एक सुचतं. आईच्या आईकडून आलेल्या गोष्टीला आपल्याकडे घरगुती शब्द आहेच की. आजोळ. आजोळचं सोनं, आजोळचं गाव, तशी आजोळची जादू.

नाटकवाली:

मिळाला! दहा वर्षांचं पोर तो शब्द न अडखळता म्हणेल, आणि ऐकणाऱ्या प्रत्येकाला आपलं आजोळ आठवेल, मग तो खलनायकाच्या तोंडी असल्याचं जास्तच बोचेल. निवेदक त्याला 'मायावी निशाकेतू' म्हणेल. दुसरा प्रवेश आता असा:

निशाकेतू (हळू आवाजात): मला कुणी मंत्र दिला नाही, मी कुठला यज्ञ केला नाही. ही माझ्या आजोळची जादू, माझ्या अंगची.

बहीण: जादू आजोळची, दादा. पेटी माझी.

तालीममास्तर:

बहिणीच्या वाक्यात 'दादा' नंतर थांबा घ्या. आणि निशाकेतूचं काम करणाऱ्या मुलाला 'आजोळ'मधला ळ घोटून घ्यायला सांगा, शाळेत दिवसभर हिंदी-इंग्रजी बोलून आपल्या मुलांचा ळ पातळ होतोय.